सहीच्या जागी न उमटलेली ओळ

मी एक जुना कार्बन पेपर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. पातळ कागदाच्या एका बाजूला मेण आणि काळी शाई यांचा लेप चढवला की माझा जन्म होतो. दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये मला ठेवायचे आणि वरच्या कागदावर लिहायचे, की खालच्या कागदावर तेच अक्षर आपोआप उमटते. माझे स्वतःचे असे काही नाही. वरून जे येईल ते खाली द्यायचे, एवढेच माझे काम. ते चांगले की वाईट, द्यावे की न द्यावे, हे ठरवणे माझ्या हाती नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते यामुळेच घडले.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही शंभर भावंडे एका चपट्या खोक्यात होतो. ते खोके बसगाड्यांच्या मुख्य कचेरीत आले आणि स्टोअरकाकांच्या कपाटात कुलूपबंद झाले. हे काका सामानाच्या खोलीचे राखणदार. त्यांच्याकडून टाचणी मिळवणे म्हणजे सिंहाच्या जबड्यातून दात मागण्यासारखे, असे कचेरीत म्हणत. आमच्या जातीचे आयुष्य साधारण पंधरा दिवसांचे असते. मी आठ महिने काम केले. यात माझे कर्तृत्व काही नाही, सगळे काकांचे.

माझी नेमणूक तळमजल्यावर झाली. बसमध्ये लोक ज्या वस्तू विसरतात, त्या जमा करून परत देण्याची ती खोली. छत्र्या, डबे, पिशव्या, एकेकटे हातमोजे, एकदा तर कृत्रिम दातांची कवळी. तिथे काउंटरवर एक ताई बसत. कुणी आपली वस्तू न्यायला आला, की त्या पावतीपुस्तकात वस्तूचे वर्णन लिहीत, आणि पावतीच्या तळाशी तो माणूस सही करी. वरची पावती त्याची, खालची प्रत कचेरीची. दोन्हींच्या मध्ये मी.

ते दिवस सुखाचे होते. एकदा एक चष्मेवाले आजोबा सारखी दिसणारी दुसऱ्याचीच काळी बॅग घेऊन गेले. माझ्या प्रतीवर त्यांचा पत्ता स्वच्छ उमटला होता, म्हणून संध्याकाळपर्यंत दोन्ही बॅगा आपापल्या घरी पोचल्या. हेडक्लार्क प्रत हातात धरून म्हणाले, "याला म्हणतात कॉपी. छापल्यासारखी." मला फार बरे वाटले. कौतुक कुणाला आवडत नाही?

पण माझे खरे सुख वेगळेच होते. दुपारी गर्दी ओसरली की ताई पर्समधून एक सुटा कागद काढीत. पावतीपुस्तकात माझ्यावर एक जाड पुठ्ठा सरकवीत, म्हणजे अक्षरे खाली उमटू नयेत, आणि त्यावर कागद ठेवून लिहू लागत. ते पत्र नसे, हिशेब नसे. मनात जे आले ते. शाई खाली जात नसे, पण अक्षरांचा दाब मला कळे, आणि दाबावरून मी वाचत असे.

'आज बस चुकली. पुढची येईपर्यंत बारा मिनिटं मी कुणाचीच कुणी नव्हते. बरं वाटलं.'

'एक माणूस एका हातमोज्यासाठी तीनदा येऊन गेला. त्याचा राग आला नाही. हेवा वाटला.'

ताईंचे वडील त्यांच्याजवळ राहत. त्यांची स्मरणशक्ती गेली होती. दिवसा शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसत, बाकी सारे ताईंवर. एका दिवशी त्यांनी लिहिले, 'बाबांनी आज मला विचारलं, बाई, तुम्ही कुठं उतरणार? मी म्हटलं, शेवटच्या थांब्यावर. तर म्हणाले, मग बसा निवांत.' हे लिहून त्या एकट्याच हसल्या. नंतर नाक पुसले. नंतर एका प्रवाशाला त्याचा डबा दिला आणि म्हणाल्या, "आतली भाजी तुमचीच आहे, मी चव घेतलेली नाही." मी मनात म्हटले, लिहिले म्हणून हसता आले.

मित्रांनो, त्यांना दुसरे कुणी नव्हते ज्याच्याशी बोलावे. दिवसातली ती दहा मिनिटे म्हणजे त्यांच्या घराची एकच खिडकी होती.

दरम्यान मी झिजत चाललो होतो. ज्याला हरवलेली वस्तू मिळते तो माणूस सही फार जोरात करतो. शेकडो सह्या एकाच जागी पडल्या आणि माझ्या खालच्या भागातली शाई संपली. ताई मला उजेडात धरून काकांना दाखवायला गेल्या.

"काका, नवा द्या. खाली काही उमटत नाही."

"वर उमटतं ना?"

"वर उमटतं."

"मग झालं की. खाली नुसती सही. सही आजवर कुणाला वाचता आली आहे?"

ताई हसल्या आणि मला परत घेऊन आल्या. मीही हसलो. काय हसण्यासारखे होते, ते आता मला कळत नाही.

तो दिवस आला. ताई त्या सकाळी दीड तास उशिरा आल्या. काउंटरसमोर रांग, टेबलावर छत्र्यांचा ढीग. दुपारपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग कागद काढला आणि घाईघाईने लिहू लागल्या. पुठ्ठा छत्र्यांखाली कुठेतरी गेला होता. त्या तो सरकवायला विसरल्या.

शाई माझ्यातून निघाली तेव्हाच मला कळले. मी ओरडू शकत नव्हतो, सरकू शकत नव्हतो. खालच्या कोऱ्या प्रतीवर एकेक शब्द काळा होत गेला.

'काल रात्रभर बाबा आतून दार ठोठावत होते. घरात बसून घरी जायचंय म्हणत होते. आज सकाळी त्यांचा डोळा लागला, तेव्हा मनात आलं, हे गेले तर मी सुटेन.'

इथे माझी शाईची जागा संपली. ताईंचे लिहिणे संपले नव्हते. सहीच्या जागी त्यांनी लिहिले:

'मग घाबरून त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. हात काढवेना. दोन बस गेल्या.'

हे शब्द मी अंगावर झेलले. पेन इतके दाबलेले होते की मी फाटतो की काय असे वाटले. पण द्यायला माझ्याजवळ शाईच नव्हती. आठ महिने दुनियेच्या सह्या वाहिल्या, आणि जी एक ओळ पोचायला हवी होती तिच्यासाठी माझ्यात टिपका उरला नव्हता.

ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. वरची पावती कोरीच होती, त्यामुळे खाली काय झाले ते त्यांना दिसले नाही. तेवढ्यात शिपाई आला. "ताई, पुस्तक वर मागवलंय, तपासणी आहे." पुस्तकासोबत मीही वर गेलो.

हेडक्लार्क वाईट माणूस नव्हते. पावतीच असेल असे समजून ते मोठ्याने वाचू लागले. "काल रात्रभर बाबा..." दोघे-तिघे हसले. पुढे हसू बंद झाले, पण वाचणे थांबले नाही. मित्रांनो, सुरू झालेले वाचन मध्येच थांबवायला धैर्य लागते, ते त्या खोलीत कुणाजवळ नव्हते. शेवटचा शब्द 'सुटेन'. त्याखाली पांढरा कागद.

कुणीतरी हळूच म्हणाले, "सख्ख्या बापाबद्दल."

त्याच मजल्यावर ताईंचा धाकटा भाऊ कामाला होता. त्याला बोलावून ती प्रत हातात देण्यात आली. तो पुस्तक आणि प्रत घेऊन खाली आला. त्याच्याआधी शिपाई बातमी घेऊन पोचला होता, आणि ताईंनी पर्समधला कागद फाडून त्याचे बारीक तुकडे केले होते. भाऊ आला तेव्हा झाडणारी बाई ते टोपलीतून घेऊन गेलीही होती.

"ताई, हे तू लिहिलंस?"

ताईंनी पाहिले. "अक्षर माझंच आहे."

"एवढंच लिहिलंस?"

"अजून होतं."

"कुठंय?"

"फाडलं."

"मग काय होतं ते सांग ना."

"आता सांगितलं तर ती सारवासारव होईल, बाळ्या. लिहिलं तेव्हा ती नव्हती."

"तुला जड झाले होते तर सांगायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का?"

"सांगितलं होतं. तेव्हा तुमच्याकडे रंगकाम चाललं होतं."

भावाचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा लपवायला माणूस आवाज चढवतो. "आज संध्याकाळी मी बाबांना घेऊन जातो. माझ्या बापाच्या मरणाची वाट बघणाऱ्याकडे मी त्यांना एक दिवस ठेवणार नाही." प्रत त्याने काउंटरवर टाकली आणि जिना चढून गेला.

ताई 'नाही' म्हणाल्या नाहीत. आपण खरोखर ते लिहिले आहे, एवढेच त्यांना दिसत होते. त्यांनी प्रत उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि मला पुन्हा पावत्यांच्या मध्ये ठेवले. मी आतल्या आत आक्रोश करत होतो. खालची ओळ वाचा. कुणीतरी खालची ओळ वाचा. पण कार्बनचा आवाज कुणाला ऐकू जातो?

त्यानंतर ताई रोज वेळेवर येऊ लागल्या. अडकवून ठेवायला घरी कुणी नव्हते. शेजारच्या काकू एकदा काउंटरवर येऊन म्हणाल्या, "घर कसं शांत झालं ना तुमचं?" ताई म्हणाल्या, "हो, भांडी घासायचा आवाजसुद्धा मोठा वाटतो." दुपारी त्या रिकाम्या बसत, समोर पाहत. कागद निघत नसे.

अकराव्या दिवशी स्टोअरकाका स्वतः खाली आले. प्रतींवर सह्या दिसत नाहीत म्हणून वरून त्यांची कानउघाडणी झाली होती. हातात नवा कार्बन होता. त्यांनी मला काढून खिडकीशी धरले. खालचा भाग पार उडालेला.

"त्या दिवशी हाच होता का गं आत?"

ताईंनी मान हलवली. काकांनी मला काउंटरवर ठेवले. मग म्हणाले, "ती प्रत कुठंय?" ताईंनी बोटाने ड्रॉवर दाखवला. काकांनी प्रत घेतली, उलटी केली आणि खालच्या भागावरून अंगठा फिरवला. मग कानावरची पेन्सिल काढली, कागद सुलटा ठेवला आणि शिसे आडवे धरून अगदी हलक्या हाताने घासू लागले. दाबलेल्या अक्षरांच्या खाचांत शिसे गेले नाही. करड्या रंगातून पांढरी अक्षरे वर येऊ लागली.

"काका, नका वाचू."

"वाचून झालं, पोरी." काका म्हणाले. "वरचं सगळ्यांनी वाचलं. खालचं मी एकट्यानंच वाचून कसं चालेल?" आणि गुडघे धरत ते जिना चढून गेले.

पाऊण तासाने भाऊ खाली आला. काउंटरच्या पलीकडे, वस्तू हरवलेली माणसे उभी राहतात तिथे उभा राहिला.

"मी अर्धंच वाचलं होतं," तो म्हणाला.

ताईंनी विचारले, "जेवतात का?"

"फारसं नाही. घरभर फिरतात. सगळ्यांना तुझ्याच नावानं हाक मारतात. मलासुद्धा." थोडे थांबून म्हणाला, "उद्या आणून सोडतो."

"आज आण. उद्या कशाला."

बाबा घरी आले. तुम्ही म्हणाल, मग गोष्ट चांगलीच संपली. मलाही तसेच वाटले होते. पण काकांनी कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणि नवा पुठ्ठा न मागता आणून दिला, तेव्हा ताईंनी तो हळूच बाजूला सारला.

"आता लिहायला बसलं की आधी तुम्ही सगळे वाचताना दिसता, काका," त्या म्हणाल्या. "मग मी चांगलं चांगलंच लिहीन. त्यापेक्षा नको."

मित्रांनो, माझी एक कळकळीची विनंती ऐका. मनात येईल ते लिहीत जा. मनात कधी काळे येते, ते कागदावर उतरले की माणूस त्याच्या पुढची ओळ लिहू शकतो. आणि दुसऱ्याचा असा कागद हाती आला तर घडी करून त्याला परत द्या. चुकून वाचलाच, तर अर्ध्यावर कुणाचा न्याय करू नका. प्रत्येक पानाच्या तळाशी अशी एक ओळ असते जी शाई संपल्यामुळे दिसत नाही.

काकांनी मला फेकले नाही. ताईंच्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. ऊन येते तसे माझे मेण सुकत आहे, आणि माझ्याजवळ फार दिवस नाहीत. रोज दुपारी गर्दी ओसरली की मी कान देतो. पेनाचे टोपण निघताना एक बारीकसा आवाज होतो. त्या दुपारनंतरचा आज सदतिसावा दिवस. तो आवाज अजून आलेला नाही.