डेसचे सात, माझे सहा

शनिवारी पोस्टाच्या दाराशी डेसने मला गाठलं. "उद्या सकाळी सातला नाश्त्याला ये, मर्ल. एक विचारायचंय," म्हणाला, आणि लालेलाल कान घेऊन निघून गेला.

मी वॅलंगाराची, तो जेनिंग्सचा. दोन गावांत अंतर एका रस्त्याचं. अलीकडे क्वीन्सलंड, पलीकडे न्यू साउथ वेल्स. हिवाळ्यात दोन्हीकडे वेळ एकच. उन्हाळा लागला की त्यांची घड्याळं तासभर पुढे पळतात, आमची जागची हलत नाहीत. आम्ही म्हणतो, गाईंना कोण समजावणार? ते म्हणतात, तुमच्याकडे निदान गाई तरी घड्याळ बघतात. तिकडचा माणूस हिरवळ कापून, गाडी धुऊन फाटकाशी उभा राहतो, तेव्हा आमचा पहिला चहा अजून मुरत असतो.

इथली रीत अशी, की वेळ सांगायची ती ऐकणाऱ्याच्या घड्याळाची. पण तिकडचे लोक कुठली रीत पाळणार? मी मनाशी ठरवलं, सध्या उन्हाळा, म्हणजे डेसचे सात ते माझे सहा.

"आपल्या पाण्याच्या पंपाचं विचारायचं असेल त्याला," माझी बहीण कोरल म्हणाली.

"असेल."

"मग निळा फ्रॉक कशाला इस्त्री करतेस?"

"पंपासाठी."

"भाग्यवान आहे बाई पंप."

चार वर्षं तो प्रश्न डेसच्या ओठांशी यायचा आणि माघारी वळायचा. एकदा तर हात धरून त्याने मला टोमॅटोचा भाव विचारला होता. उद्याही तसंच झालं तर? रात्रभर कूस बदलत राहिले.

रविवारी सहाला निघाले. निलगिरीच्या शेंड्यावर मॅगपाय पक्षी गळा मोकळा करून गात होता. पाय रस्त्यावर, जीव रस्त्यापलीकडे. एक पाऊल टाकलं आणि सहाचे सात झाले. तासाने वय वाढलं म्हणायचं, वाटलं मात्र सोळाव्यात पाऊल पडलं.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. टेबलावर ताटल्याही नव्हत्या. घरामागून आवाज आला म्हणून कुंपणाशी गेले.

बनियनवर उभा डेस कोंबड्यांना दाणे टाकत होता. एका गालावर साबणाचा फेस.

"मर्ल, घर मोठं आहे... छे, तिला वाटेल विकायला काढलंय." मूठभर दाणे. "मर्ल, दोघांचा स्वयंपाक एकाच चुलीवर... नको, गॅस वाचवतोय वाटेल." एक लाल कोंबडी मान वाकडी करून बघत होती. "तू काय बघतेस? हो तिने म्हणायचंय."

खोकावं, तर डेस प्रश्न गिळून टाकेल, पुन्हा चार वर्षं टोमॅटो. पळावं, तर तो ऐकायचाच राहील. मी कुंपणाची तार धरून उभी राहिले.

डेसने डबा खाली ठेवला, ताठ झाला. "मर्ल," अगदी हळू म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," मी म्हटलं.

तो गर्रकन वळला, डब्याला पाय लागला, कोंबड्यांची चंगळ झाली.

"तू? आत्ता? सातला यायचं होतं ना?"

"तुझ्याकडे वाजलेत सात."

"मी तुझे सात सांगितले होते. रीत आहे ना?"

"तुमच्याकडचे कधीपासून रीत पाळायला लागले?"

"तुमच्याकडचे कधीपासून लवकर यायला लागले?" गालावरचा फेस पुसता पुसता त्याने तो कानापर्यंत नेला. "हे धरायचं नाही हं, मर्ल. ही नुसती तालीम होती. अंडी तळायचीत, शर्ट घालायचाय."

"बरं, नाही धरत. तासभर आहे हाताशी. दाढी पुरी कर, मग विचार."

तो दोन पावलं घराकडे गेला. थांबला. मग तसाच, अर्ध्या दाढीने, कुंपणाशी परत आला, आणि तारेवरचा माझा हात धरून त्याने पुन्हा विचारलं. एकही शब्द न अडखळता.

या वेळी मी घाई केली नाही. आमच्या गावच्या चालीने, त्याच्या कपाळावर घाम फुटेपर्यंत थांबले, आणि मग म्हटलं, "हो."