मातीला दिलेली बरणी

कोमट तिळाच्या तेलाचा वास आला की मला आधी अक्कांची बोटं आठवतात, आणि मग दिवाळी. आश्विन सरत आलेला असायचा, सोनगीरच्या किल्ल्याकडून येणारा पहाटवारा सडा घातलेल्या अंगणावर गारवा धरून बसायचा, आणि चुलीच्या कडेला ठेवलेल्या पितळी वाटीतलं तेल सावकाश सुगंध सोडू लागायचं. त्या तेलात बुडालेली ती दहा बोटं घरातल्या प्रत्येकाच्या मानेवरून, पाठीवरून, खांद्याच्या खळगीतून फिरत जायची. पोराबाळांच्या, कर्त्या पुरुषांच्या, आणि गावातल्या बाकीच्या सासवा तोंडाला पदर लावून हसल्या तरी सुनांच्यासुद्धा. बोटं जाड होती, नखं मुळापर्यंत कापलेली, तळवे मात्र नवल वाटावं इतके मऊ. सुईणीचे हात होते ते.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. अख्खं गाव त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून लग्नानंतर आठवड्याभरात मीही म्हणू लागले. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं; परंतु अवघडलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवला की मूल आडवं आहे की पायाळू, हे त्या डोळे मिटून सांगत, आणि त्या डोळे मिटत तेव्हा घरातली माणसं आपोआप बोलायची थांबत. तांबट आळीतल्या हातोड्यांची दिवसभर चाललेली ठकठक आणि नवजात बालकाचं पहिलं रडणं, या दोनच नादांवर त्यांचं तारुण्य सरलं असावं. पुढे दवाखान्याची गाडी दाराशी येऊ लागली, बाळंतपणं धुळ्याच्या दवाखान्यांत होऊ लागली, आणि अक्कांच्या हातांना भाकरी थापण्यापलीकडे फारसं काम उरलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. बाया वाचतात ना, मग झालं, असं त्या म्हणत.

वाईट त्यांना एकाच गोष्टीचं वाटे. बाळामागून पडणारी वार त्या गाडग्यात ठेवत, वर हळद, मीठ आणि सुपारी घालत, तोंडाला फडकं बांधत, आणि परसात खोल खड्डा करून ते गाडगं मातीच्या स्वाधीन करत. वर एक चपटा दगड. ही जागा कुणाला दाखवायची नाही, तिच्याविषयी बोलायचं नाही, आणि पुरलेलं पुन्हा कधीही उकरायचं नाही. उकरलं तर ज्याचं त्याला बाधतं. देहातून निघालेलं उघड्यावर पडू नये, ज्या मातीतून आलं तिलाच ते मानाने परत द्यावं, एवढा साधा त्यांचा धर्म. माझी मुलगी धुळ्याला झाली तेव्हा त्यांनी दवाखान्यात वार मागितली, आणि सगळे त्यांना हसले. पुढे कितीतरी वर्षं त्या दवाखान्याचं नाव निघालं की त्यांचं तोंड कडू व्हायचं.

तर त्या दिवाळीच्या पहाटे तेल लावता लावता त्यांची बोटं माझ्या काखेपाशी आली आणि थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा त्याच जागी आली. मग त्यांनी डोळे मिटले.

"हाई कधीनं शे?" त्यांनी विचारलं. हे कधीपासून आहे?

मी म्हटलं, असंच आहे, येतं-जातं. खोटं बोलले. ते येत-जात नव्हतं, ते चैत्रापासून मुक्काम ठोकून होतं, आणि मला ते ठाऊक होतं. मी धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, पेशींची अनियंत्रित वाढ म्हणजे काय हे फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवते; आणि स्वतःच्या अंगातली गाठ सात महिने पदराखाली झाकून हिंडत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो दुसरा काय असतो? भीती वाटत होती, दुसरं काही नाही. नाव कळलं की ते खरं होईल, अशी पोरकट समजूत मी उराशी धरून बसले होते. अक्कांनी वाद घातला नाही. त्यांनी हात पुसले, ह्यांना उठवलं, आणि भाऊबीज उलटताच आम्ही तिघं धुळ्याला डॉक्टरांपुढे बसलो होतो.

सुईने तपासणी झाली, नाव कळलं, आणि आठवड्याभरात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्तनातली गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. ह्यांना त्याच वेळी औषधं आणायला पाठवलेलं, बाकावर अक्का एकट्या. सिस्टर बाहेर आल्या, चिठ्ठी गुंडाळलेली एक झाकणबंद बरणी प्लास्टिकच्या पिशवीसकट त्यांच्या हातात ठेवली, हे पेशंटचं आहे, सांभाळून न्या, असं म्हणाल्या, आणि पुढच्या कामाला लागल्या. कुठे न्यायचं, कशासाठी, हे बोलायला त्यांना सवड नव्हती. बहुधा नातेवाइकांना ते माहीत असतं.

अक्कांनाही ते माहीत होतं, त्यांच्या परीने. मी शुद्धीवर येऊन दोन शब्द बोलले हे पाहून त्या दुपारच्या एसटीने सोनगीरला गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन परत आल्या. त्यांच्या मुखावर एक निवांत समाधान पसरलेलं होतं, पुष्कळ वर्षांचं काही राहून गेलेलं पार पडावं तसं. मला वाटलं ऑपरेशन नीट झालं म्हणून असेल. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि झोपले.

तिसऱ्या सकाळी डॉक्टर आले आणि तपासणीला दिलेल्या गाठीची पावती मागू लागले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सिस्टरांकडे, आणि सिस्टरांनी अक्कांकडे बोट केलं. अक्कांनी अगदी शांतपणे सांगितलं की ते त्यांनी मातीला दिलं, घरच्या परसात, रीतीप्रमाणे.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्या बरणीतल्या तुकड्यावरूनच रोग किती पसरला, कडेला काही शिल्लक राहिलं का, आणि पुढे कोणतं औषध लागू पडेल हे ठरतं, असं त्यांनी सांगितलं, आणि मी भडकले. अंगात ताकद नव्हती, तरी तोंडाला येईल ते बोलले. सगळ्या वॉर्डादेखत मी अक्कांना अडाणी म्हटलं. तो शब्द आजही माझ्या कानात आहे, कारण तो माझ्याच आवाजात आहे.

अक्का डगमगल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "माले कोनी सांगं नही. आन् मी इचारं नही."

त्या दोन वाक्यांत कुणाला किती दोष, हे त्यांनी सरळ वाटून दिलं. डॉक्टरांनीच मग हळू आवाजात विचारलं, बरणी उघडली होती का? नाही. आतलं पाणी सांडलं होतं का? नाही, गाडग्याचं तोंड बांधतात तसं झाकणावरून फडकं बांधून जशीच्या तशी ठेवली होती. उघडून बघायची रीतच नाही. डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. आतल्या औषधी पाण्यात गाठ टिकते, आजच्या आज आणा, ते म्हणाले.

आता खरा पेच अक्कांचा होता. पुरलेलं त्यांनी आयुष्यात कधी उकरलं नव्हतं. उकरलं तर ज्याचं त्याला बाधतं, आणि इथे ज्याचं ते मी, समोर खाटेवर पडलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना विचारलं, "काढं नही तं काय व्हई?"

डॉक्टर म्हणाले, "मग मला अंदाजाने औषध द्यावं लागेल, आजी. कमी पडलं तर हिच्या जिवावर, जास्त झालं तरी हिच्याच."

अक्कांनी पदर खोचला आणि लेकाला गाडी काढायला सांगितली.

ते दोघं गेले आणि वॉर्डात हिवाळ्यातल्या सकाळचं कोवळं ऊन हळूहळू खाटांवर चढत राहिलं. शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एका पाड्यावरची बाई होती, माझ्याच वयाची, तिचं हे दुसरं ऑपरेशन. ती कुशीवर वळली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने सांगितलं की पहिल्या वेळची तिची बरणी नवऱ्याने तापीत सोडली होती. फूल वाहून, हात जोडून. तेव्हा पावती कुणी मागितली नाही. आमच्याकडे मोटरसायकल होती, वीस-बावीस कोसांऐवजी वीस-बावीस किलोमीटरवर घर होतं, आणि डॉक्टरांशी बोलायला शाळेतली जीभ होती. तिचं पुढे काय झालं मला कळलं नाही, आणि ते न कळणं अजून टोचतं.

परसातलं मला नंतर ह्यांनी सांगितलं. ह्यांनी कुदळ घेतली तर अक्कांनी ती हातातून काढून घेतली, आणि बरणीला धक्का लागू नये म्हणून नुसत्या हातांनी माती उपसली. बरणी वर आली तेव्हा त्यांनी तिला पाणी लावलं, आणि खड्डा रिकामा ठेवू नये म्हणून त्यात ओंजळभर दादर, आमच्याकडची रब्बीची ज्वारी, टाकून वर माती लोटली. मातीची माफी मागितली. ओठ हलताना ह्यांनी पाहिले, शब्द ऐकले नाहीत. दगड त्यांनी परत ठेवला नाही.

दुपार व्हायच्या आत त्या धुळ्यात होत्या. लॅबच्या खिडकीपाशी त्यांनी तिथल्या माणसाला हे कसलं, कशासाठी, कोण बघणार, कागद कधी मिळणार, असं एकेक विचारून घेतलं, आणि त्याने सांगितलेलं पुन्हा त्यालाच म्हणून दाखवलं, चुकलं असेल तर सांग म्हणाल्या. मग वर येऊन माझ्या पायथ्याशी बसल्या. त्यांच्या बोटांच्या चिरांत ओली माती होती. जन्मभर ज्या हातांनी स्वच्छ होऊनच बाईच्या अंगाला स्पर्श केला, ते हात त्या दिवशी त्यांनी माझ्यापासून दूर, मांडीवर उपडे ठेवले होते.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते सांगत नाही. कागद आला. रोग होता, पण लहान होता. कडा स्वच्छ होत्या, काखेतल्या ग्रंथी निर्मळ होत्या. काही दिवस किरणांचा शेक आणि काही वर्षं गोळी, एवढ्यावर निभावणार होतं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचून दाखवलं, कारण अक्कांनी दोनदा वाचायला लावलं. माझ्या जिवात जीव आला. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं; मी अक्कांचे दोन्ही हात धरून रडले, आणि त्या शब्दाची माफी मागितली.

त्या हसल्या. "अडानी तं शेच मी," म्हणाल्या. "पन तू तं शिकेल-सवरेल शे. तू कोठे सांगं सात महिना?"

त्यानंतर गावातली कुणी बाई ऑपरेशनला निघाली की अक्का बरोबर. सुईणपण त्यांना नव्याने मिळालं होतं जणू. ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या, बरणी हातात आली की सिस्टरांचा पदर सोडायच्या नाहीत. इचारामा कसानी लाज, विचारण्यात कसली लाज, असं त्या सगळ्यांना सांगत. लाजणाऱ्या बायकांना तेल लावायच्या निमित्ताने घरी बोलावत आणि बोटांनी चाचपून घेत. मी शाळेतल्या मुलींना तो धडा शिकवते तेव्हा आता फळ्यावरचं चित्र काढून झाल्यावर बरणीची गोष्टही सांगते. अडाणी कोण होतं हे त्यांना ठरवू देते.

त्याच हिवाळ्यात परसात अवेळी, खड्ड्यात टाकलेल्या त्या ओंजळीतून, दादरचा एक दाट झुपका उगवला. अक्कांनी तो उपटू दिला नाही. कणसं भरली, पाखरांनी खाल्ली, कडबा गाईला गेला, आणि माती पुन्हा सपाट झाली.

गेल्या वैशाखात अक्का गेल्या, पिकलं पान गळावं तशा, दुपारच्या झोपेत. यंदाच्या दिवाळीत तेल मी कोमट केलं आणि लेकीच्या खांद्यांना लावलं. माझी बोटं अजून तेवढी शहाणी नाहीत, पण ती आता घाबरून थांबत नाहीत. नंतर वाटी धुवायला परसात गेले. चपटे दगड ओळीने होते. एकाखाली ह्यांची, एकाखाली दिरांची, एकाखाली नणंदेची वार असणार. त्या ओळीत दगड नसलेली माझी एक जागा तेवढी रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे म्हणून तिच्यापाशी उभं राहून अक्कांची आठवण काढायला मी आहे.