बाटलीखालची लाइन

दोन हजार तीनचा उन्हाळा. मी धम्मानंद, वसमतचा पेंटर. चित्र काढायला कुणी शिकवलं न्हाई, दुकानाच्या पाट्या रंगवता रंगवता शिकलो. शिवहारभाऊनं एका थंड पेयाच्या कंपनीचं भिंती रंगवायचं काम घेतलं होतं. ते म्हणायचे, "सगळं जग आता एक बाजार झालंय. दुकान पोचत न्हाई तिथं आपली भिंत पोचली पाह्यजे." मला पटायचं बी.

पुसेगावात स्टँडसमोर रूपाबाईचं घर. नेहमीची बोली: समोरची भिंत कंपनीला, बदल्यात बाकी घर फुकट रंगवून. रूपाबाई खूश. तिच्या दिपालीला बघायला पाहुणे येणार होते.

लाल रंगावर माणसाएवढी बाटली काढली. थंड थेंब असे की हात लावून बघावं वाटंल. मागं वळलो तर लिंबाखाली बाया घागरी लावून बसलेल्या. पाण्याचा टँकर कालबी आला न्हवता. तेवढ्यात कंपनीची गाडी आली, दुकानात पेट्या उतरवल्या, गेली. रोज येते म्हणे. टायमावर.

डोकं फिरलं माझं. बाटलीखाली कंपनीच्या नावासाठी पट्टी सोडलेली होती, त्यात ती लाइन काढली. ह्याच बाया, ह्याच घागरी.

बाया आल्या की बघायला!

"माझं नाक एवढं हाय व्हय रे?" नीलाबाई म्हणली.

"त्यानं लाज राखली, खरं तर याहून मोठं हाय," भिकाबाई हसली. मग तिचंच तोंड उतरलं. "पण ही नीला काहून माझ्यापुढं? माझी घागर पहाटंपासून लागलीय!"

तिथं घागर ठेवली की नंबर लागला, बाई घरी गेली तरी. मी माणसं बघून काढलेली. चुकलोच. पुसून नंबर बराबर लावला. दोघी भांडतच होत्या, पण भिंतीवरची लाइन खरी धरून भांडत होत्या. तवाच ठरवलं, आता हे पुसायचं न्हाई.

दुपारी शिवहारभाऊ गाडीवर आले.

"हे काय काढलं बे? उद्या साहेब फोटो घ्यायला येणार. पूस."

"न्हाई पुसत, भाऊ."

"लई मोठा आर्टिस्ट लागून गेला!" ते रूपाबाईकडं वळले. "मावशी, ह्या बाया राहिल्या तर घर रंगवून भेटणार न्हाई."

रूपाबाईनं भिंतीकडं बघितलं. मग मला म्हणली, "पाहुण्यांला काय दाखवू रे? हा उडालेला चुना?"

"घर मी रंगवतो, मावशी. कंपनीवानी चकाचक न्हाई येणार. पण रंगवतो."

"दाराला निळा पाह्यजे."

"देतो निळा."

"आई, त्यात मी बी हाय," दिपाली दारातून म्हणली.

"दिसली मला," रूपाबाई म्हणली. "राहू द्या बाया."

"मग आमची बाटली झाक," शिवहारभाऊ म्हणले. "आन् वसमतात तुला काम कोण देतं तेच बघतो." बोललं ते करणारा माणूस. मला म्हाईत होतं.

त्यांच्यासमोरच बाटलीवर पांढऱ्याचा हात मारला. ते डबे बांधून गेले. रंग वाळला तशी पांढऱ्यातून बाटली गुलाबी, फिकी दिसायला लागली. खाली बाया बसलेल्याच.

"अजून एक हात मार की," रूपाबाई म्हणली.

"न्हाई मावशी. एवढंच बराबर हाय."

शिडी उचलली, घराच्या बाजूला लावली आन् जुना चुना खरवडायला लागलो.