सहाव्या अर्थाची चिठ्ठी

मी एक चिठ्ठी बोलते आहे. बोलावं की नाही, याचा फार विचार केला. चिठ्ठ्यांनी बोलायचं नसतं, लोकांचं बोललेलं जपायचं असतं. शिवाय मला सगळं नीट आठवतंय का, हीही शंका आहेच. म्हणून जे माझ्या अंगावर घडलं तेवढंच सांगते.

माझा जन्म एका जुन्या कॅलेंडराच्या जाड पानातून झाला. माझ्या पाठीवर एका कोपऱ्यात अजून लाल नऊ आहे. ज्या बाईंनी मला कापलं त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ इंग्रजी-मराठी कोशाचा संपादक. भावाने सत्तरी ओलांडली होती, तरी अक्का त्याला बाळच म्हणायच्या. बाळ शब्द गोळा करी. अक्का मागच्या गल्लीतून रोज येत, चिठ्ठ्या कापत, लावत, पेट्यांत भरत. बावीस वर्षं हेच चाललं होतं. पेट्यांच्या किल्ल्या अक्कांच्या कमरेला असत.

त्या घरात एक नियम होता, तोही अक्कांनीच केलेला. कोणताही अर्थ कोशात घ्यायचा, तर त्याचं मराठी वाक्य कोणीतरी खरोखर बोललेलं, आपल्या कानांनी ऐकलेलं हवं. खाली बोलणाऱ्याचं नाव, धंदा, ठिकाण. आणि पाठीवर बोलणाऱ्याची सही, की होय, असं मी बोललो. सही नसेल तर चिठ्ठी रद्द.

"नाहीतर तू घरात बसून वाक्यं पाडशील," अक्का भावाला म्हणायच्या. "तुझी सगळी पात्रं प्राध्यापकासारखी बोलतात."

मी 'शट' या शब्दाच्या कप्प्यातली. इंग्रजीचं काम या एका शब्दात उरकतं. मराठीचं तसं नाही. दार लावतात, डोळे मिटतात, डबा झाकतात, तोंड आवरतात. माझ्या आधी पाच चिठ्ठ्या होत्या. एकीवर डोळ्यांच्या डॉक्टरांचं वाक्य होतं, "मिटा, मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." एकीवर सुताराचं, "झाकण लावताना बोट चेमटलं." सहावा अर्थ कुणाला तरी बाहेर ठेवून दार लावून घेण्याचा. त्याला दोन वर्षं वाक्य मिळत नव्हतं. मी कोरीच संपादकांच्या खिशात फिरत होते.

मग एके दिवशी कोशाच्या समितीची बैठक घरी भरली. चार प्राध्यापक आले. त्यातले एक म्हणाले, "आता फक्त समितीतली माणसं असू द्या." अक्का पाणी आणायला आत गेल्या होत्या. संपादक उठले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. ते असं का वागले, हे मला आजही कळत नाही. त्यांनाही कळलं नसावं. चार विद्वानांपुढे शहाणी माणसंसुद्धा गडबडतात.

बाहेरून अक्कांचा आवाज आला, "दार लावून मला बाहेर ठेवलंस खरं, पण पेट्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत!"

समिती हसली. संपादक मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी मला खिशातून काढलं आणि ते वाक्य शब्दन् शब्द उतरवून घेतलं. खाली बोलणाऱ्याची जागा आली. शेजारचे प्राध्यापक डोकावून पाहत होते. पेन क्षणभर अडखळलं, आणि लिहिलं गेलं, 'घरातली एक बाई'.

दुसऱ्या दिवशी अक्का चिठ्ठ्या लावायला बसल्या. मी त्यांच्या हातात आले. त्यांनी मला एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. रद्दीवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा त्याचं नाव, धंदा, गल्ली होती. वाटलं, आता मला फाडतील. त्यांनी फाडलं नाही. पाच चिठ्ठ्यांच्या मागे, माझ्या बरोबर जागी मला ठेवलं. किल्ल्यांचा जुडगा पेटीवर ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यापासून यायला जमणार नाही."

"का?" संपादकांनी मान वर न करता विचारलं.

"गुडघे," अक्का म्हणाल्या.

तीन वर्षं गेली. मी अंधारात पडून होते, पाठ कोरी. संपादक अधूनमधून पेटी उघडत, मला काढत, पुन्हा ठेवत. फोन उचलून खाली ठेवल्याचा आवाज येई. माझ्यावरून एका माणसाने दुसऱ्याला गमावलं, याचं ओझं चिठ्ठीने किती वाहायचं?

मग ती दुपार आली. छापखान्यातून फोन होता. "पाच वाजता गाडी पाठवतो साहेब. एसची पेटी तयार ठेवा."

"एक सही राहिली आहे हो."

"मग तो अर्थ गाळा की! कोण विचारतंय?"

संपादकांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. मला टेबलावर उताणी केली, नव्हे, पालथी. माझी पाठ वर आली. अक्कांच्या सहीतला 'अ' कसा काढतात, हे त्यांना पाठ होतं. त्यांना अक्षरं गिरवायला शिकवलं होतं ते अक्कांनीच. निब टेकली. मला तिचं गार टोक लागलं. शाईचा एक ठिपका उमटला. मी कागद आहे, मी काय करणार? मला वाटलं, झालं. आता मी खोटी होणार, आणि अक्का कायमच्या जाणार.

हात उचलला गेला. संपादकांनी मला शर्टाच्या खिशात घातलं आणि ते घराबाहेर पडले. त्यांची छाती माझ्यावर धडधडत होती. मागच्या गल्लीपर्यंत दहा मिनिटं, मग तीन मजले.

बेल वाजली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? नाव, धंदा, ठिकाण?"

"तुझा भाऊ. कोशाचं काम करतो. पुढच्या गल्लीतला."

साखळीपुरतं दार उघडलं. फटीत अर्धा चष्मा दिसला.

"तीन वर्षं जिना सापडला नाही वाटतं?"

"अक्का, एक सही हवी होती."

हे त्यांनी पहिलं वाक्य म्हणून बोलायला नको होतं. माणूस आयुष्यभर शब्द गोळा करतो आणि ऐनवेळी त्याला हेच सापडतात.

"म्हणजे चिठ्ठीसाठी आलास."

"हो. नाही. म्हणजे, पाच वाजता गाडी..."

"दे इकडे."

मी फटीतून आत गेले. तेवढ्यात मागच्या खिडकीतून वारा आला आणि दार धाडकन आपटलं. ते दार तसलंच, वाऱ्यावर आपटणारं. अक्कांचा त्यात काही हात नव्हता. तो तर मला धरून होता. पण बाहेरच्या माणसाला हे कसं कळावं? तोंडावर दार बसलं, एवढंच त्याला कळलं.

अक्का चष्मा नीट बसवून मला वाचत होत्या. 'घरातली एक बाई' इथे त्यांचा अंगठा थांबला, घट्ट झाला. माझी कड चुरगळली. मग बाहेर पावलं वाजली. जिना उतरणारी. हळू, एकेक.

मला ओरडावंसं वाटलं. अक्का, तो चाललाय! वारा होता म्हणून सांगा! पण माझ्या अंगावर एकच वाक्य होतं, आणि नेमकं ते नको होतं.

अक्कांनी मला उलटवलं. कोरी पाठ, लाल नऊ, आणि ठिपका. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. भावाचं पेन त्या बावीस वर्षं ओळखत होत्या.

"माझा 'अ' काढायला निघाला होता गुलाम," त्या पुटपुटल्या. मग ठिपक्यावर बोट ठेवून, "आणि थांबला."

पावलं दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. अक्का दाराकडे निघाल्या. गुडघे खरंच दुखत होते, ते काही निमित्त नव्हतं. साखळी निघेना. पावलं आणखी खाली. साखळी निघाली, कडी अडकली. शेवटी दार उघडलं आणि अक्का कठड्यावरून वाकल्या.

"बाळ!"

पावलं थांबली.

"वर ये. बोलणारीचं चुकीचं लिहिलंयस. मी दुरुस्त करणार नाही. तू करायचंस. तुझ्या अक्षरात."

सत्तरी ओलांडलेला बाळ धापा टाकत तीन मजले पुन्हा चढला. उंबऱ्यातच त्याने मला भिंतीवर टेकवलं, 'घरातली एक बाई' खोडलं आणि लिहिलं, 'बोलणारी: अक्का, संपादकाची मोठी बहीण'. अक्कांनी फक्त पुढची रिकामी जागा बोटाने दाखवली. धंद्याची.

पेन अडखळलं. तसंच, त्या दिवशीसारखं. मग लिहिलं, 'या कोशाची सहसंपादक'.

"समिती ओरडेल, अक्का."

"ओरडू दे. ओरडली की वाक्य टिपून घे. नाव, धंदा, ठिकाण विसरू नकोस."

भाऊ हसला, आणि हसता हसता त्याने डोळे मिटून घेतले. "त्या दिवशी मीच दार लावलं, अक्का," तो म्हणाला. "माझ्या हाताने."

"माहीत आहे. मी बाहेरच होते," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. ठिपक्यापासूनच सुरुवात केली. आता तो त्यांच्या 'अ'मध्ये गेला आहे, शोधून सापडायचा नाही.

पाचच्या गाडीने मी छापखान्यात गेले. वाक्य छापलं गेलं, नावासकट. समिती ओरडली म्हणतात. छापून झालेल्या चिठ्ठ्या रद्दीत जातात. मला मात्र अक्कांनी मागून घेतलं. आता 'टी'च्या पेट्या अक्कांच्या घरी, त्यांच्या टेबलावर असतात, आणि दुपारी दोघं तिथे वाद घालत बसतात. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून माझ्या चार घड्या घालून मला दाराखाली सारलं आहे.

मी पुरेशी जाड आहे का, कोण जाणे. वारा आला की दार अंगावर रेलतं, आणि मला धडकी भरते. आलात तर खुशाल पाय लागू द्या, तक्रार नाही. फक्त आत येताना मला सरकवू नका.