माझा आवाज गेला तेव्हा

मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा धापा टाकतो, कळफलकावरची अक्षरं पुसून गेली आहेत. माझ्या मालकांना त्याचं काही नाही, कारण त्यांना दिसत नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

मित्रांनो, डॉक्टरांनी तोंडी सांगून पाठवलेले रिपोर्ट मामा ऐकून टाइप करतात आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवतो. चूक झाली असेल तर त्यांच्या कानाला लगेच कळते. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे ते आटलं, काम मात्र सुटलं नाही.

एका सकाळी माझ्यातल्या अपडेटच्या प्रोग्रामने विचारलं, "काही भाग एकमेकांशी जुळत नाहीत. काही काढावे लागतील. पुढे जाऊ?" कोणते, ते सांगितलं नाही. मामांनी 'हो' दाबलं. गेला तो माझा आवाजच.

दुपारपर्यंत एक रिपोर्ट जायचा होता. त्यावरून एका आजारी बाईंचं औषध सुरू होणार होतं. मामींनी चष्मा लावला आणि मामांनी टाइप केलेलं वाचायला घेतलं.

"अहो, काय हे औषधाचं नाव! जीभच वळत नाही."

"अक्षर अक्षर वाच. घाई नको."

मामी अडखळत वाचत होत्या आणि मी मुका बसून होतो. मध्येच मामा म्हणाले, "थांब, पुन्हा वाच." एका अक्षराने गोळीच बदलत होती. ते दुरुस्त झालं, रिपोर्ट गेला. मामींनी चष्मा काढून ठेवला.

संध्याकाळी भाची आली. तो प्रोग्राम बनवणाऱ्यांपैकीच ती एक.

"पण मामा, त्यानं विचारलं होतं ना?"

"विचारलं गं. काय नेणार, ते कुठे सांगितलं?"

तिने खुर्ची ओढली. माझ्यासमोर बसली. पुढे कित्येक दिवस प्रोग्राम सुधारून पाहायला तिने माझा आवाज मुद्दाम काढला, परत बसवला, पुन्हा काढला. मी पार शिणून गेलो.

आता भाग जुळले नाहीत, की प्रोग्राम थांबतो. मीच सांगतो, "हा बदल केला तर वाचणारा आवाज जाईल. अजून काहीही काढलेलं नाही." 'हो' म्हटलं तरी काढलेल्या भागाची प्रत बाजूला जपलेली असते. पहिल्यांदा हे ऐकून मामा म्हणाले, "नको रे बाबा!" मामी कितीतरी दिवसांनी हसल्या.

मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रं बनवाल. आतलं काही काढायची वेळ आली, तर ज्याचं त्यावर काम चालतं त्याला काय जाणार ते आधी नाव घेऊन सांगा. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत हात आवरा.