अडकवलेलं सामान

गवंड्याने आत डोकावून पाहिलं, कोपऱ्यातल्या घमेल्यावर त्याची नजर गेली आणि त्याने काढलेल्या चपला परत पायात घातल्या.

"काय झालं?" पंपवाल्यांनी विचारलं. "काम बघा तरी. फरशी, कमोड आणि मधलं दार. एवढंच राहिलंय."

"ते दिसतंय हो काका. पण हे सामान मिस्त्रीचं ना?"

"त्याचंच. पळपुट्याचं."

"मग आधी त्याला बोलवा. तो सामान उचलून गेला की मी येतो. दुसऱ्याची थापी पडलेली असते त्या कामाला आम्ही हात लावत नाही. त्यात तुम्ही ती कुलपात ठेवलीय, हे नाक्यावर सगळ्यांना माहीत आहे. आज त्याचं सामान अडकवलंत, उद्या माझं अडकवाल."

गवंडी फाटक ओढून घेऊन गेला. याआधी आलेलेही असेच गेले होते. पंपवाल्यांनी पत्र्याच्या दाराला पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

पाणीपुरवठ्याच्या पंपावर त्यांनी जन्म काढला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. पंप कधी चालू करायचा, कधी बंद, हे तेच ठरवत आणि त्यात साहेबाच्या बापाचंही ऐकत नसत. घरीही तोच खाक्या. माणूस वाईट नव्हता, व्यसन नव्हतं, कुणाचं एक पैचं देणं नव्हतं. पण एकदा ‘नाही’ म्हणाले की जग इकडचं तिकडे झालं तरी नाही. अशा माणसांचं लोक फार कौतुक करतात. त्यांच्याबरोबर संसार करणाऱ्या बाईला मात्र कुणी काही विचारत नाही.

ती बाई, म्हणजे काकू, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर होत्या. संडास अंगणाच्या पार टोकाला. एका बाजूने पंपवाले आणि दुसऱ्या बाजूने शेजारीण अशी वरात तिथवर जायची. बसताना पुन्हा पडू नयेत म्हणून दार उघडं ठेवून शेजारीण हात धरून उभी राहायची. ती बिचारी तोंड फिरवायची, पण काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून काकूंच्या खोलीलाच लागून संडास-बाथरूम बांधायचं ठरलं.

लहानसहान कामं अंगावर घेणारा मिस्त्री त्यासाठी आला. तो आधी काकूंच्या खाटेपाशी गेला. त्यांना कडेला बसवून हात पुढे करायला लावला आणि धरायचा दांडा किती उंचीवर हवा त्याची भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. "आजवर शिंप्याने माप घेतलं होतं, गवंड्याने पहिल्यांदाच घेतलं," असं म्हणून काकू खूप दिवसांनी हसल्या होत्या.

भिंती झाल्या, वर पत्रे पडले, पाइप गेले. आत जायला खोलीच्या भिंतीला भगदाड पाडून त्यावर तात्पुरती फळी ठोकली. आणि एका सकाळी मिस्त्री आलाच नाही. कुठल्याशा मोठ्या इमारतीचं काम उरकायला गेला, असं काकूंनी सांगितलं. त्यांना तो सांगून गेला होता. पैशांची काही कुरबुर नव्हती. पण आपल्याला न विचारता गेला, हे पंपवाल्यांच्या डोक्यात गेलं. त्यांनी त्याच दुपारी बाहेरच्या पत्र्याच्या दाराला कुलूप ठोकलं. थापी, रंधा, ओळंबा, फरशी कापायचं मशीन, सगळं आत.

"सामान अडकलं की झक मारत येईल," ते म्हणाले.

तो आत आला नाही. दिवस गेले, महिने गेले. पंपवाले ओट्यावर बसून वाट बघत राहिले आणि आत काकूंनी पाणी पिणं सोडलं.

हे कळलं ते काकूंना ताप भरून दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा. डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या. "इन्फेक्शन पार किडनीपर्यंत गेलंय. ह्या पाणी पीत नव्हत्या का?"

"रोज तांब्या भरून उशाशी ठेवतो मी," पंपवाले म्हणाले. "संध्याकाळी रिकामा असतो."

सोबत आलेल्या शेजारणीला राहवलं नाही. "खिडकीबाहेर ओतत होत्या हो त्या. प्यायलं की जावं लागतं ना. मला म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, उगाच चिडतील."

गावाला पाणी देण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस बाहेर जाऊन बाकावर बसला. पंपवाल्यांना आधी काकूंचा राग आला, मग शेजारणीचा, मिस्त्रीचा. सगळे राग येऊन गेल्यावर मात्र त्यांना कुणावर रागवावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं, हातगाडी मागून आणली आणि सामान तिच्यावर लादलं. गाडी ढकलत ते भर दिवसा नाक्यावरून गेले. कामाच्या आशेने उभे असलेले गवंडी बोलता बोलता थांबले. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

मिस्त्री दारातच बसला होता. मशीन नाही म्हणून दुसऱ्यांच्या कामावर गोणी वाहून त्याचे खांदे सोलवटले होते. गाडी बघूनही तो उठला नाही.

"सामान आणलंय तुझं," पंपवाले म्हणाले.

"मोजून घेऊ का?"

"घे."

मिस्त्रीने मान खाली घातली. "आठ दिवसांसाठी गेलो होतो काका. काकूंना सांगून. परत येतो तर कुलूप. मी काय चोर होतो? काकू फळीआडून म्हणाल्या, किल्ली ह्यांच्याकडे आहे, संध्याकाळी या. संध्याकाळी आलो. तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होता. मला फाटकात बघितलंत आणि पान उलटलंत."

"हो. उलटलं."

"एक शब्द बोलला असतात तर मी चपला काढून आत आलो असतो."

"तू बोलायचंस."

"बोलायला हवं होतं. पण मलाही माज चढला. म्हटलं, बसा धरून सामान." मग त्याने विचारलं, "कशा आहेत काकू?"

पंपवाल्यांनी सांगितलं. तांब्याचंही सांगितलं. मिस्त्रीने तोंडावरून हात फिरवला, उठून गाडीपाशी गेला आणि उगाचच मशीनची वायर तपासत राहिला. मग म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

आला. रोज एकटाच येऊन अंधार पडेपर्यंत राबला. काकू दवाखान्यातून येईपर्यंत फरशी बसली होती, कमोड बसला होता, फळी निघून तिथे दाराची चौकट आली होती. काकूंबरोबर नळी आणि लघवीची पिशवीही आली. नळी आता काढता येणार नाही, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आता त्यांचे फार दिवस धरू नका, हेही पंपवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. ज्यासाठी हे सगळं बांधायला काढलं, ती गरजच जवळजवळ उरली नव्हती. मिस्त्रीने पिशवी बघितली आणि भिंतीकडे तोंड करून दार चढवायला लागला.

"कडी कुठून लावू?" शेवटी त्याने विचारलं.

"बाहेरून," पंपवाले म्हणाले. "आत पडली-बिडली तर दार फोडत बसायला नको."

"आतून," खाटेवरून काकू म्हणाल्या.

"अगं, डॉक्टर म्हणाल्यात एकटं सोडू नका."

"अहो, आतून."

आवाज अगदी बारीक होता. मिस्त्री हातात स्क्रू घेऊन खाली बघत थांबला. इतक्या वर्षांत काकूंनी एकच गोष्ट दोनदा मागितल्याचं पंपवाल्यांना आठवत नव्हतं.

"बसव आतून," ते म्हणाले.

कडी बसली. काकूंना तेव्हाच जायचं होतं. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना आत नेलं, बसवलं, पिशवी मांडीवर दिली.

"व्हा आता बाहेर," काकू म्हणाल्या.

दार लागलं. नवी कडी अडत होती, आतून खटपट ऐकू आली आणि मग ती सरकली. पुढे काहीच आवाज येईना. वेळ जात राहिला.

"हाक मारू का?" मिस्त्री पुटपुटला.

पंपवाल्यांनी त्याचा दंड धरून त्याला दारापासून दूर नेलं. दोघं खोलीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. आतून काकूंच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हाही पंपवाले जागचे हलले नाहीत.