काट्यावर चढलेली ताकद

धरणगावच्या त्या मंगल कार्यालयात लग्नालाही जमत नाही एवढी गर्दी दर रविवारी लोटू लागली होती. स्टेजवर नवरा-नवरीच्या जागी झेंडूच्या माळा घातलेला वजनकाटा आणि शेजारी गादीवर शक्तिनाथ महाराज. कायम थकलेली माणसं काट्यावर चढायची, हिमशक्ती मुळीची पुडी घेऊन जायची आणि पुढच्या खेपेला चढली की वजन वाढलेलं असायचं!

"थकवा म्हणजे काय? अंगातली शक्ती गळते!" महाराज माइकमध्ये गरजायचे. "मुळी गळती बुजवते, शक्ती साठते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. काटा खोटं बोलतो का?"

"नाही!" अख्खा हॉल ओरडायचा.

या एका वाक्यावर लोटननाना विरघळले. अंगारे-धुपारे त्यांनी कधी दारात येऊ दिले नव्हते. पण काट्याची गोष्ट वेगळी. त्यांची उभी हयात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या काट्यावर गेली होती. कापसाला पाणी मारून वजन फुगवणारे त्यांना टरकून असत. नाना कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे, मूठभर कापूस आवळून सोडायचे. सुका कापूस लगेच फुलतो, ओला गोळा होऊन बसतो. "पानी मारेल शे, वापस न्या," एवढंच म्हणायचे. असा माणूस काट्याला देव मानणार नाही तर कुणाला?

शिवाय घरात त्यांची बायको, तानुबाई होत्या. भाकरी थापता थापता भिंतीला टेकायच्या. झोपून उठल्या तरी थकलेल्याच. "माले काही व्हयेल नही, वय व्हयनं," म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या दिवाळी झाल्यावर करू असं ठरलं होतं. दिवाळी झाली, तपासण्या राहिल्याच.

नानांनी आणलेली मुळी चांगली गोड होती. तानुबाई दिवसभर तिचा काढा घ्यायच्या, वर कांडी चघळायच्या. ब्लडप्रेशरची गोळी महाराजांनी बंद करायला लावली, कारण काय, तर "दोन शक्ती एका म्यानात राहत नाहीत!" वजन वाढलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या नानांनी वाजवल्या. बांगड्या मनगटात रुतू लागल्या, चेहरा भरला. शेजारच्या पुष्पाबाई कौतुकाने म्हणाल्या, "अक्का, तुम्हनं आंग भराई गयं!"

थकवा मात्र जाईना. उलट आता तानुबाईंना ओट्याची पायरी चढवेना. नाना महाराजांकडे धावले. "शक्ती मुरते आहे, मात्रा वाढवा," महाराज म्हणाले. नानांनी वाढवली. बायकोचे पाय चेपताना अंगठ्याचा खळगा तसाच राहायचा, तो त्यांना दिसायचा. कापसात कधी न फसलेला माणूस तो खळगा बघून पांघरूण ओढून द्यायचा. तिला बरं वाटावं ही इच्छाच इतकी मोठी होती, की डोळे असून उपयोग नव्हता.

मग एका सकाळी तानुबाई नळापाशीच कोसळल्या. हातपाय लुळे, छातीत धडधड. रिक्षा, गाडी, जळगाव, दवाखाना.

"गोळ्या बंद केल्यात, मग दुसरं काय देत होतात?" डॉक्टर शिल्पा यांनी विचारलं. नानांनी मान खाली घालून खिशातली पुडी काढली. डॉक्टरांनी त्यातली कांडी मोडली, आतला पिवळा गाभा पाहिला, वास घेतला.

"नाना, हे ज्येष्ठमध आहे. घसा बसला की तुकडा चघळतो ना, तेच. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं."

"पन वजन वाढनं ना, बाई!"

डॉक्टरांनी तानुबाईंच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा पडला. भरेना.

"हे पाणी आहे. ज्येष्ठमध रोज एवढं पोटात गेलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि मिठाबरोबर पाणी. म्हणून वजन वाढतं, रक्तदाब चढतो. पोटॅशियम मात्र लघवीतून निघून जातं आणि त्याच्याशिवाय स्नायू चालत नाहीत. हृदय हासुद्धा स्नायूच आहे, नाना. तानुबाईंचे ठोके बिघडलेत. आज मी काहीच खात्रीने सांगू शकत नाही."

"आन तो पहिला थकवा?"

"अंगात रक्तच फार कमी आहे. तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

नाना त्या खळग्याकडे बघत राहिले. "पानी मारेल कापूस," ते पुटपुटले, "आन माले समजनं नही." भर वॉर्डात ते लहान मुलासारखे रडले.

रविवारी ते रांगेत उभे राहिले, डोक्यावर कापसाचं गाठोडं.

"महाराज, हाऊ मना कापूस. भलता थकेल शे."

हॉल हसला. नानांनी गाठोडं काट्यावर ठेवलं आणि महाराजांपुढचा पाण्याचा तांब्या उचलून त्यावर उपडा केला. आकडा वर सरकला.

"दखा, कापसाले ताकद उनी!"

"काट्याचा अपमान!" महाराज किंचाळले. "श्रद्धा नाही त्याला मुळी लागू पडत नाही!"

"काटा खरंच बोलस," नाना माइकजवळ गेले. "पन तो फक्त वजन सांगस. वजन कशानं शे, ते हाऊ बाबा सांगस! मनी तानू दवाखानामा पडेल शे. ज्यासनं वजन वाढेल शे, त्यासनी नडगीवर अंगठा दाबा."

महाराजांच्या दर्शनाला आजवर एवढी माणसं एकदम वाकली नसतील. कुणाच्या पायावर खळगा पडला, कुणाच्या नाही. ज्यांच्या पडला त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. गर्दीतला झुलाल टेलर स्वतःच्या नडगीकडे बघत म्हणाला, "नाना, मंग आमना थकवानं काय?"

"त्यानं कारण शोधा! रक्त तपासा, डॉक्टरले इचारा. चमत्कार दिसना की पहिले इचारा, हाई कशानं व्हयनं? मी इचारं नही."

काही जण उठले. काही जण, काय सांगावं, तरीही पुडीसाठी थांबले. महाराजांच्या माणसांनी काटा उचलून गाडीत घातला. दुसऱ्या गावीही थकलेली माणसं असतातच.

नाना जळगावला परतले तेव्हा तानुबाईंचं नुकतंच वजन केलं होतं. त्यांचा चेहरा पडलेला.

"वजन उतरनं," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "ताकद गयी सारी. मी बी जास का आते?"

नानांनी हलकेच त्यांच्या नडगीवर अंगठा टेकवून उचलला. आजचा खळगा उथळ होता.

"पानी जाई राहिनं, तानू," ते म्हणाले. "तू नही."